तुलि की तूलि: इंग्रजीतून फिनिशकडे वळलेल्या एका तरुण रॉक बँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातला हा चौघांचा बँड: दोन गिटार, बास आणि ड्रम. गायक त्यातली एक गिटार वाजवतो. 2023 च्या शरद ऋतूत सगळे 17 ते 19 वर्षांचे होते. बँडचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

सरावाची जागा एका निवासी इमारतीखालचा बाँब-निवारा. फिनलंडमध्ये मोठ्या इमारतींना असा निवारा बांधावाच लागतो. एरवी त्यात सायकली असतात, अडगळ असते, नाहीतर एखादा बँड असतो. भिंती काँक्रीटच्या, त्यामुळे झांजांचा आवाज इतका उसळतो की गायकाचे शब्द बाकीच्या तिघांना ऐकूच येत नाहीत. ही बाब लहान वाटेल, पण पुढे जे झालं त्यात तिचा मोठा वाटा आहे.

ऐकण्याचे संस्कार दोन बाजूंनी आलेले. एक बाजू इंग्रजीत गाऊन देशाबाहेर गेलेल्यांची: हॅनोई रॉक्स, हिम, द रास्मस, नाइटविश आणि 2021 च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत सहावा आलेला, औलू शहरातला ब्लाइंड चॅनल. दुसरी घरातली. आईवडिलांच्या गाडीत वाजणारे यूस लेस्किनेन, एप्पू नॉर्माली, पोपेदा, आणि नंतरचा आपुलान्ता. यातले पहिले तिघे ताम्पेरेच्याच परिसरातले. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात तसं कापडगिरण्यांमुळे ताम्पेरेला फिनलंडचं मँचेस्टर म्हणत. त्यावरून शहराचं लाडकं नाव पडलं ‘मान्से’, आणि सत्तरच्या दशकात इथे फुललेल्या फिनिश भाषेतल्या रॉकला ‘मान्सेरॉक’. म्हणजे आपल्या भाषेत रॉक गाण्याची परंपरा या मुलांच्या दारातच होती. तरी त्यांची नऊच्या नऊ गाणी इंग्रजीत होती.

समस्या

युवा केंद्रात आणि शाळेत मिळून सहा कार्यक्रम झाले. फोनवरची चित्रणं पाहताना चौघांच्या एकच गोष्ट लक्षात आली. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी धून, सुरू झाला की समोरची मुलं हलतात, ध्रुवपद आलं की गप्प होतात. गाणी अवघड नव्हती, इंग्रजी सगळ्यांना येत होतं. पण दोन गाण्यांच्या मध्ये गायक फिनिशमध्ये जे बोलायचा त्याला हशा यायचा, प्रतिसाद यायचा, आणि पुढचं गाणं सुरू झालं की तोच माणूस दुसऱ्याचा आवाज लावून गातोय असं वाटायचं.

गाणी तयार होण्याची पद्धत पाहिली की कारण उमगतं. आधी गिटारवाला रिफ आणायचा, त्यावर ड्रम बसायचे, मग गायक इंग्रजीसारखं ऐकू येणारं काहीतरी निरर्थक गुणगुणत चाल शोधायचा. शब्द सगळ्यात शेवटी. निवाऱ्यात शब्द ऐकूच येत नसल्याने ते कसे आहेत याची चर्चा कधी झालीच नाही.

त्यात वेळेची मुदत होती. फिनलंडमध्ये पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. 165, 255 किंवा 347 दिवसांची. भरती जानेवारीत आणि जुलैत होते. ड्रमरला जुलै 2024 ची तारीख आली होती. जे करायचं ते जूनअखेरपर्यंत.

पर्याय

निवाऱ्याबाहेरच्या जिन्यात बसून चार पर्यायांवर बोलणं झालं.

इंग्रजीतच राहायचं आणि उच्चार, शब्द सुधारायचे, हा पहिला. गिटारवाला याच बाजूचा होता. फिनलंडची लोकसंख्या 56 लाखांच्या आसपास. बाहेर जायचं तर इंग्रजी हवं, असं त्याचं म्हणणं. त्यावर बासवालीने 2023 च्या युरोव्हिजनचा दाखला दिला. फिनलंडचा गायक कॅरिया फिनिशमध्ये गाऊन दुसरा आला होता आणि प्रेक्षकांच्या मतांत तर पहिला. दाखला जोरदार होता, पण एका स्पर्धेवरून बँडची भाषा ठरवणं कच्चं, आणि तेही तिथेच कोणीतरी बोललं.

दुसरा पर्याय तयार चालींवर फिनिश शब्द बसवायचे. तिसरा, चाली मोडून फिनिश शब्दांतून नव्याने बांधायच्या. चौथा, कडवी फिनिशमध्ये आणि ध्रुवपद इंग्रजीत. चौथा लगेच बाद झाला, कारण लोक गप्प होत होते ते नेमके ध्रुवपदावर.

दुसरा निवडला गेला. त्यात श्रम कमी होते आणि गिटारवाल्याच्या चाली शाबूत राहत होत्या. इथे निकष चुकला. श्रम किती वाचतात ते मोजलं गेलं, चाल कोणत्या भाषेच्या अंगाने वाढली आहे हे कोणी तपासलं नाही.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

जानेवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत चार गाण्यांना फिनिश शब्द बसवले गेले. चारही गाणी ऐकताना खडबडीत वाटत होती. कारणं तीन, आणि तिन्ही भाषेच्या घडणीतली.

पहिलं समेचं. फिनिशमध्ये प्रत्येक शब्दाचा मुख्य आघात पहिल्याच अक्षरावर असतो. इंग्रजी ओळ बहुधा समेच्या आधी उचलते. ‘इन द मिडल ऑफ द नाइट’ घ्या: ‘इन द’ समेआधी, ‘मि’ समेवर. फिनिशमध्ये हेच ‘केस्केल्लॅ युओतॅ’. आधी उपपद नाही, ‘केस’ थेट समेवर. चालीतले उचलीचे दोन सूर रिकामे पडले. ते भरायला गायकाने ‘या’ म्हणजे आणि, ‘कुन’ म्हणजे जेव्हा, ‘नीन’ म्हणजे तसं, असे शब्द कोंबले. एका गाण्यातल्या सोळा ओळींपैकी अकरा ‘या’ने सुरू होत होत्या.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लघु-गुरूचं. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण गाताना ‘दिन’मधली ‘दि’ ताणली तरी कोणी अडखळत नाही. फिनिशमध्ये लांबी हाच अर्थ. ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा, ‘तुल्लि’ म्हणजे जकात. (ताम्पेरेतल्या जुन्या जकातघरात आता संगीताचे कार्यक्रम होतात, त्याचं नावच ‘तुल्लिकामारि’.) बँडच्या एका ध्रुवपदात ‘तुलि पलाऽ’ अशी ओळ होती: आग जळते. चालीत ‘तु’ला दोन मात्रा होत्या. मिनिटाला 148 मात्रांच्या लयीत त्या 0.8 सेकंद होतात. इतका ताणलेला ‘तु’ कोणताही फिनिश कान ‘तू’ असाच ऐकणार. एरवी संदर्भ सावरून घेतो. इथे तोही उलटला, कारण ‘पलाऽ’ या रूपाचे दोन अर्थ आहेत, जळतो आणि परततो. ‘तूलि पलाऽ’ म्हणजे वारा परततो. अगदी सरळ, सुंदर वाक्य! ओळखीच्या दहाएक जणांना गाणं ऐकवलं तेव्हा बहुतेकांनी ते वाऱ्याचं गाणं समजूनच ऐकलं. कडव्यात मात्र काडेपेटी आणि राख होती, आणि त्याचं काही जुळेना.

तिसरं कारण द्वित्ताचं. ‘कुका’ म्हणजे कोण, ‘कुक्का’ म्हणजे फूल. ‘क्क’, ‘त्त’, ‘प्प’ उच्चारताना क्षणभर आवाज पूर्ण थांबतो. ती शांतता हाच शब्दाचा भाग आहे. जुन्या चालींत सूर एकमेकांत वाहत जात होते, त्यात ही शांतता बुडत होती.

इथे चौघांपुढे पुन्हा निवड आली. चार गाणी घासूनपुसून पुढे न्यायची की सोडून द्यायची? सहा सराव त्यांत गेले होते, पण जूनपर्यंत पाच महिने हातात होते. त्यांनी रिफ आणि ठेके ठेवले आणि गायनाच्या चाली टाकल्या, एका ‘तुलि पलाऽ’ची सोडून. प्रकरणातला हा सगळ्यात धाडसी आणि माझ्या मते सगळ्यात योग्य निर्णय.

काय केलं

नवी पद्धत बासवालीने सुचवली. सराव निवाऱ्यात सुरू न करता स्वयंपाकघराच्या टेबलावर सुरू करायचा. गायक ओळ गात नाही, बोलतो, एखाद्याला सांगावं तशी. ते फोनवर ध्वनिमुद्रित होतं. मग कागदावर प्रत्येक अक्षराखाली लघु किंवा गुरूची खूण. नियम आपल्या वृत्तांच्या नियमांच्या जवळचा आहे: दीर्घ स्वर, जोडस्वर किंवा व्यंजनाने बंद झालेलं अक्षर गुरू, बाकी लघु. ‘केस्-केल्-लॅ युओ-तॅ’ म्हणजे गुरू, गुरू, लघु, गुरू, लघु. मग त्याच लयीत टाळ्या, आणि टाळ्यांवर ड्रमरचा ठेका. स्वर सगळ्यात शेवटी, एकाच गिटारवर, आवाज न वाढवता. एका गाण्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका लागत. त्यानंतरच निवाऱ्यात जायचं.

यातून निघालेल्या चाली आधीच्यांपेक्षा वेगळ्याच होत्या. ओळी समेवर सुरू होऊन खाली उतरायच्या. उचल गेल्याने प्रत्येक ओळीआधी अर्धी-एक मात्रा मोकळी राहिली, आणि तिथे दुसऱ्या गिटारला उत्तर द्यायला जागा मिळाली. आधी दोन्ही गिटार एकच रिफ वाजवत होत्या. फिनिश शब्दांनी बँडची मांडणीच बदलली.

‘क्क’च्या शांततेवर ड्रमरने उपाय काढला. ‘कुक्का’ शब्द येतो तिथे तो हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) बंद करून झांज हाताने धरायचा. अख्खा बँड एका क्षणासाठी थांबायचा आणि शब्द उमटायचा. प्रत्येक द्वित्तावर हे केलं तर गाणं उचक्या देतं, म्हणून एका कडव्यात एकदाच.

‘मी’ कसा म्हणायचा यावर एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती सत्कारणी लागली. लेखी फिनिशमध्ये ‘मिनॅ’, बोलण्यात ‘मॅ’, आणि ताम्पेरेच्या बोलीत ‘मॅऽ’. दोन लघु, एक लघु, एक गुरू: गीतकारासाठी ही तीन वेगळ्या मापांची भांडी आहेत. मोह असा होतो की जिथे जे बसेल ते वापरावं. पण लेखी आणि बोली रूपं एका गाण्यात मिसळली की बोलणारा माणूस मध्येच बदलल्यासारखा वाटतो. नियम ठरला: एका गाण्यात एकच रूप. तीन गाण्यांत ‘मॅऽ’, एकात ‘मॅ’. ‘मिनॅ’ सुटलं, कारण त्याच्यासोबत क्रियापदंही लेखी घ्यावी लागतात आणि ती लांबतात. ‘मी आहे’ हे ‘मिनॅ ओलेन’ धरलं तर चार अक्षरं, ‘मॅ ओऽन’ धरलं तर दोन.

यमकांत आधी आळस झाला होता. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत, त्यामुळे ‘-स्सॅ’ला ‘-स्सॅ’ जुळवणं कोणालाही जमतं. पण आघात पहिल्या अक्षरावर असल्याने शेवटच्या प्रत्ययाचं यमक कानाला फिकं लागतं. ‘तलोस्सा’ला (घरात) ‘वलोस्सा’ (उजेडात) चांगलं, कारण ते आघाताच्या स्वरापासून जुळतं. ‘मेत्सॅस्सॅ’ला (रानात) ‘युओस्सॅ’ (रात्रीत) केवळ शेपटीने जुळतं. अशी शेपटीची यमकं काढल्यावर दोन कडवी निर्यमक राहिली. ती तशीच ठेवली आणि ओळीतल्या शब्दांची पहिली व्यंजनं जुळवली. फिनिश लोकगीतांत आणि लोनरोटने 1835 मध्ये प्रथम छापलेल्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात असा अनुप्रास सर्रास येतो.

पट्टीचाही प्रश्न आला. ध्रुवपदाच्या सर्वांत वरच्या सुरावर ‘युओ’ म्हणजे ‘रात्र’ हा शब्द येत होता. त्याची सुरुवात ओठ आवळून होते, आणि आवळलेल्या ओठांनी वरचा सूर चिरकतो. शब्द दोन सूर खाली आणून वर ‘आ’कारी शब्द ठेवला. शिवाय दोन्ही गिटार आणि बास एक पूर्ण सूर खाली उतरवले. ई मायनरची बोटं तीच, ऐकू येतं डी मायनर. गिटारच्या 10–46 जाडीच्या (सर्वांत बारीक ते सर्वांत जाड, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा इतक्या उतरवल्यावर सैल पडून जोरात वाजवताना सूर सोडू लागल्या. 11–52 चा संच लावल्यावर ते थांबलं. जाड तारांसाठी नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि मान पुन्हा जुळवून घ्यावी लागली, हे आधी लक्षात न आल्याने एक सराव वाया गेला.

श्रेयाची वाटणी

हा वाद उशिरा उठला आणि त्याने कडवटपणा आला. फिनलंडमध्ये गीतकार-संगीतकारांचे हक्क 1928 पासूनची तेओस्तो ही संस्था सांभाळते. वादक-गायकांसाठी ग्रामेक्स आहे. तेओस्तोकडे गाणं नोंदवताना कोणाचा किती वाटा ते लिहावं लागतं. जुनी गाणी निम्मी गिटारवाल्याची, निम्मी गायकाची अशी तोंडी समजूत होती. नव्या पद्धतीत चाल टेबलावर चौघांतून निघत होती. गिटारवाल्याला वाटलं, रिफ माझे तर संगीत माझं. बासवालीला वाटलं, पद्धत माझी.

तीन पर्याय निघाले: प्रत्येक गाण्याचा वेगळा हिशोब, सगळं चौघांत समान, किंवा संगीत चौघांत समान आणि शब्द लिहिणाऱ्याचे. तिसरा ठरला. या वयाच्या बँडला तो मानवतो, कारण कोणी कुठला सूर सुचवला याची भांडणं कधी संपत नाहीत. पण हे ठरलं ध्वनिमुद्रण संपल्यावर, मे महिन्यात. तोवर दोन आठवडे गिटारवाला सरावाला आला नव्हता.

निष्पत्ती

एप्रिलअखेर चार दिवस स्टुडिओ घेतला होता: ड्रम आणि बास दोन दिवस, गिटार एक, गायन एक. गायनाचा एक दिवस कमी पडला. मिश्रणात (मिक्सिंगमध्ये) गायनावर अर्ध्या मात्रेचा, म्हणजे सुमारे 203 मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे उशिरा येणारा प्रतिध्वनी, लावला होता. त्याची परतणारी सावली नेमकी ‘क्क’च्या शांततेत येऊन पडे आणि ‘कुक्का’चं ‘कुका’ होई. आधी गायकाला दोष देऊन पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं गेलं. कोरडा, म्हणजे डिले न लावलेला, ट्रॅक ऐकल्यावर कळलं की गायन ठीकच होतं. शेवटी डिले ओळीच्या शेवटच्या अक्षरापुरता ठेवला आणि बाकी ठिकाणी आवाज दाबून टाकला.

पाच गाणी ध्वनिमुद्रित झाली, चार प्रसिद्ध केली. पाचवं 172 च्या लयीतलं. त्यात चार-पाच अक्षरी विभक्तीची रूपं अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर धावताना दीर्घ आणि ऱ्हस्व यांतला फरकच उरत नव्हता. लय 150 वर आणली तर रिफ मरत होता. ते बाजूला ठेवलं.

जूनमध्ये दोन कार्यक्रम झाले. पहिला एका क्लबात, तिथे 18 वर्षांखाली प्रवेश नसल्याने त्यांचे अर्धे श्रोते बाहेरच राहिले. दुसरा युवा केंद्राच्या अंगणात. तिथे दुसऱ्या ध्रुवपदापासून पुढच्या दोन रांगा सोबत गाऊ लागल्या. जुन्या इंग्रजी गाण्यांपैकी एक त्यांनी कार्यक्रमात ठेवलं. ते आता त्यांच्यापैकी कोणालाच परकं वाटत नाही, बहुधा आजूबाजूला चार फिनिश गाणी असल्यामुळे.

गमावलं तेही सांगायला हवं. जुन्या गाण्यांतली दोन उत्तम ध्रुवपदं गेली. बाहेरदेशी पाठवण्याजोगं या घडीला त्यांच्याकडे फारसं काही नाही. गिटारवाला बँडमध्ये आहे, पण इंग्रजी गाण्यांसाठी त्याने वेगळा प्रकल्प सुरू केला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शब्द बसवायला घेण्याआधी एका ओळीची चाचणी पुरेशी होती. ओळ बोलून मुद्रित करायची, मग गाऊन, आणि दोन्हींतली दीर्घ अक्षरं जुळतात का पाहायचं. दहा मिनिटांत जे कळलं असतं त्याला तीन आठवडे लागले. श्रेयाची वाटणी पहिल्या कच्च्या मुद्रणाच्या दिवशीच कागदावर यायला हवी होती. मिश्रणाच्या आधी एक तास फक्त कोरडं गायन ऐकण्यासाठी राखला असता तर गायनाचा दिवस वाचला असता.

आणि ‘तुलि पलाऽ’. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या असं त्यांनी मानलं: चाल बदला किंवा शब्द बदला. चाल सगळ्यांना आवडत होती, म्हणून शब्द बदलला. गाणं वाऱ्याचं झालं, काडेपेटी आणि राखेचं कडवं गेलं. ते कडवं त्यांच्या सगळ्या लिखाणात सरस होतं. तिसरी वाट फिनिश लोकगीतांतच होती. तिथे आघाताचं लघु अक्षर ताणत नाहीत. ते आखूड ठेवून लांबी पुढच्या अक्षराला देतात. ‘तु’ समेवर, पण अर्धीच मात्रा, आणि लगेच ‘लि’ला दीड. शब्द आगच राहतो, दोन मात्रांची जागा तीच राहते, आणि सूरही जवळजवळ तेच. फक्त स्नेअर या ड्रमचा ठोका ‘लि’खाली, म्हणजे समेनंतर अर्ध्या मात्रेवर सरकवावा लागतो, नाहीतर ‘लि’ हवेत लोंबकळतं. ड्रमरने 165 दिवसांची सेवा निवडली होती. डिसेंबरमध्ये तो परतल्यावर पहिल्याच सरावात त्यांनी हा ठोका लावून पाहिला, जुन्या कडव्यासकट.